जॅममधली गोळी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

छोटी,

आज सातला उठलो. तुझ्या दादाला गोळी दिली, चहा केला. त्याला पुस्तकांच्या बांधणीखान्यापर्यंत कामावर सोडून आलो. येताना दूध आणि ब्रेड आणला. दुपारी आईचे कपडे आवरायला घेतले, पण एक कप्पा झाल्यावर कपाट लावून टाकलं. संध्याकाळी दादा आला, जेवलो, भांडी घासली. दिवस असा गेला.

तू नीट पोचल्याचं आत्याकडून कळलं. फोन करणार होतो, पण फोनवर मला ‘बरं आहे ना’च्या पुढे काही सुचत नाही. पूर्वी तू फोन करायचीस तेव्हा मी ‘आईला देतो’ म्हणून मोकळा व्हायचो. आता द्यायला कोणी नाही, म्हणून लिहितो आहे.

आई गेली त्या दिवशी तू दारापाशीच उभी राहिलीस आणि दुपारच्या गाडीने परत गेलीस. लोकांनी विचारलं. मी म्हणालो, शाळेत परीक्षा आहेत, प्रयोगशाळा तिच्यावर आहे. दादा खोलीतून बाहेर आला नाही, ते तू मनावर घेऊ नकोस. तो कोणालाच भेटला नाही.

त्याच्या गोळ्या आता माझ्याकडे आहेत. आईची पद्धतच चालू ठेवली आहे. चमच्याच्या पाठीने गोळी चुरडायची, जॅममध्ये कालवायची आणि पाणी हातात देऊनच चमचा पुढे करायचा. लहानपणी एकदा गोळी घशात अडकली तेव्हापासून अख्खी गोळी बघितली तरी त्याला उमळून येतं. फिटची गोळी सकाळ-रात्र एकेक, आणि मनाच्या डॉक्टरांची छोटी गोळी फक्त रात्री. पाकिटावर सगळं लिहिलेलं आहे, त्यामुळे अडचण नाही.

दादा जरा सुस्त वाटतो. आत्या म्हणते, आईविना दुसरं काय होणार. ते खरंच असेल.

बाबा


शनिवार, १५ फेब्रुवारी

छोटी,

काल बांधणीखान्याचे मालक स्वतः दादाला घरी घेऊन आले. त्याला खुर्चीवर बसवलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, “काका, एका मुलीचा प्रबंध ह्याने उलटा शिवला. शेवटापासून वाचायला घेतला तर बरोबर लागतो.” मला हसावं की काय ते कळेना. मग ते म्हणाले, “इतक्या वर्षांत ह्याच्या हातून असं झालं नाही. पण मशिनीजवळ डोलणारा माणूस मला परवडायचा नाही. बरा होईपर्यंत घरी असू दे. जागा ठेवतो, पण किती दिवस ठेवीन ते सांगत नाही.”

दादा चालताना भिंत धरतो. जीभ जड झाली आहे. परवा जेवताना माझ्याकडे बघून म्हणाला, “बाबा, तुम्ही दोघं आज गप्प का?” मला वाटलं, आईबद्दल बोलतो आहे. नंतर कळलं, त्याला एकाचे दोन दिसतात.

मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दुःखाने माणूस असा होतो. रात्रीची गोळी थोडी वाढवू. चिठ्ठी दिली. मी औषधवाल्याकडे गेलो नाही. चिठ्ठी माझ्या खिशात आहे.

कारण ही डोलती चाल मी आधी पाहिली आहे. मामाच्या आजारपणात आई आणि मी आठवडाभर गेलो होतो आणि दादाजवळ तू होतीस, तेव्हाची. आम्ही परत आलो त्याच सकाळी तो जिन्यावरून पडला होता. पुढचे दोन दात गेले, मनगट मोडलं. दवाखान्यात तू मला सांगितलंस, “बाबा, तो दोन दिवस दारू प्यायल्यासारखा चालत होता.”

आई तेव्हा तुला काय काय बोलली, ते पुन्हा लिहीत नाही. ‘शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना मापं शिकवतेस आणि सख्ख्या भावाला दुप्पट गोळ्या घालतेस’ एवढं मला आठवतं. तुला तर सगळंच आठवत असेल.

मी हे आरोप म्हणून विचारत नाही. मला फक्त माहिती हवी आहे. त्या आठवड्यात तू त्याला किती देत होतीस? मी पाकिटावर आहे तेवढंच देतो. उरलेल्या गोळ्या दोनदा मोजल्या. माझी चूक दिसत नाही.

बाबा


गुरुवार, २७ फेब्रुवारी

छोटी,

तुझं कार्ड मिळालं. ‘पाकिटावर होतं तेच. सकाळी एक, रात्री एक. तेव्हाही हेच सांगितलं होतं.’ बरोबर आहे. तेव्हाही तू हेच सांगितलं होतंस.

दादाला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याला डोळ्यांसमोर बोट फिरवून बघायला लावलं, रेषेवरून चालायला लावलं. दोन पावलांत तो त्यांच्या टेबलावर आला. त्यांनी लगेच रक्त काढायला सांगितलं. आई नेहमी ‘सुईला घाबरतो हो तो’ म्हणून हे पुढे ढकलायची. निकाल आल्यावर बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, “औषध फार चढलंय. पण डोस तर तोच आहे, इतकी वर्षं. आता अचानक कसं?” मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. त्यांनी एक वेळची गोळी चुकवायला सांगितली आणि पुढे रोज निम्मीच द्यायला सांगितली. मनाच्या डॉक्टरांची वाढीव गोळी सुरू केली नाही, ते ऐकून म्हणाल्या, “नशीब.”

आता भिंत सुटली आहे. मीही एकच दिसतो.

आत्या आली होती. आईची लोकर तिला देऊन टाकली. बाकी ठीक.

बाबा


सोमवार, ३ मार्च

छोटी,

मागच्या पत्रात लोकरीचं लिहिलं, ते निम्मंच लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यापासून मला चैन नाही. आज पूर्ण लिहितो.

आत्याला आईची विणकामाची मोठी पिशवी हवी होती. तिने ती पलंगावर उलटी केली. लोकरीचे गुंडे पडले, सुया पडल्या, आणि खालून गोळ्यांच्या पट्ट्या. न उघडलेल्या, रबर लावून गठ्ठे केलेल्या. दादाच्या फिटच्या गोळ्या. आत्या म्हणाली, “अरे, तुझ्या बायकोने औषधांचं दुकान काढलं होतं की काय?”

तिला वाटलं, जास्तीच्या आणून ठेवल्या असतील. मी तारखा बघितल्या. सगळ्यात खालच्या गठ्ठ्याची तारीख डॉक्टरीणबाईंनी दादाचा डोस वाढवला त्या वर्षाची होती, वरच्या गठ्ठ्याची गेल्या डिसेंबरची. आपण दर महिन्याला पूर्ण महिन्याच्या गोळ्या आणत होतो, आणि त्यातल्या निम्म्या ह्या पिशवीत जात होत्या. पिशवीच्या खिशात कागदाच्या पुडीत अर्धी मोडलेली एक गोळी होती. ती बहुतेक शेवटच्या दिवशीची, उरलेली अर्धी.

आई त्याला अर्धी गोळी देत होती, छोटी. चुरडून, जॅममध्ये. दादालाही ते कळणं शक्य नव्हतं.

आत्याला थोड्या वेळाने समजलं. ती खाली बसली आणि म्हणाली, “जन्मभर वजनमापांच्या नोकरीत दुकानदारांचे काटे तपासत हिंडलास रे. आणि घरात हे?” ती पुढे म्हणाली, “हे इथंच राहू दे. गेलेल्या माणसाचं काय काढायचं?” मी पट्ट्या माझ्या कपाटात ठेवल्या. म्हणून तुला ‘बाकी ठीक’ असं लिहिलं.

आईने हे का केलं असावं, ते मला साधारण समजतं. डोस वाढवला तेव्हा दादाला सुईत दोरा ओवता येईना. बांधणीखान्यात स्टुलावर बसल्या बसल्या लाळ गळायची. आईने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, थोडे दिवस कळ काढा, सवय होईल. आणि खरंच काही दिवसांनी तो एकदम ठीक झाला. दोरा ओवायला लागला. आई म्हणाली, “झाली बाई सवय.” बाईंना बरं वाटलं, मलाही वाटलं. पुढे अधूनमधून फीट यायचीच. दर वेळी बाई विचारायच्या, “गोळी चुकली का?” आई सांगायची, “एकही नाही.” तसं बघितलं तर ते खोटं नव्हतं.

तिने त्याचे हात वाचवले आणि त्याच्या बदल्यात फीट पत्करल्या. चूक होती. पण तिच्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं, ते छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मामाकडे निघताना ती तुला म्हणाली होती, “पाकिटावर सगळं लिहिलंय.” मी पिशव्या घेऊन शेजारीच उभा होतो. तुला खरं सांगितलं असतं तर तू ते डॉक्टरांना सांगितलं असतंस, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला वाटलं असेल, आठवड्यात काय होतंय.

इथपर्यंत मला समजतं. तो पडला, आणि तिने त्याचा आळ तुझ्यावर येऊ दिला. दवाखान्यात दिला, घरी आल्यावर दिला, आणि नंतरही दिला. दादा तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेईना, ती मनाची गोळी त्याच संशयापायी सुरू झाली, तरी ती गप्प राहिली. हे मला समजत नाही. आणि विचारायला ती नाही.

मला तिची रोज आठवण येते. हे दोन्ही एकाच पत्रात लिहिणं बरं दिसतं की नाही, मला माहीत नाही.

तू बरोबर गोळी दिली होतीस.

बाबा


रविवार, १६ मार्च

छोटी,

तू फोन केलास आणि मी सवयीने ‘आईला देतो’ म्हणालो. मग तू एवढंच विचारलंस, “दादाला सांगितलं?” मी नाही म्हणालो. “मग मला सांगून काय उपयोग? मी बरोबर दिली ते मला माहीतच होतं,” असं म्हणून तू फोन ठेवलास. रागावलीस ते योग्यच आहे.

मी टाळत होतो. मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, एवढ्यात त्याला धक्का देऊ नका. मला ते सोयीचं वाटलं. त्याच्याकडे आईशिवाय दुसरं होतं तरी कोण, असं मी स्वतःला सांगत होतो. तूही होतीस, हे मी त्यात धरत नव्हतो.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पट्ट्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी बराच वेळ तारखा बघितल्या. त्या आईला नावं ठेवतील म्हणून मी मन घट्ट करून बसलो होतो. पण त्या म्हणाल्या, “सवय होईल असं मी म्हणाले होते, नाही का?” मग म्हणाल्या, “अर्धी कमी पडत होती, पूर्ण जास्त होते. मला कोणी सांगितलं असतं तर मधलं काहीतरी शोधता आलं असतं.” आता त्यांनी मधला डोस दिला आहे. आणि चुरडणं बंद करायला सांगितलं. म्हणाल्या, “काका, मुलगा चाळिशी ओलांडून गेला. जॅम ब्रेडला लावा.”

काल दुपारी दादाला सांगितलं. तो टेबलापाशी बसून जुन्या वर्तमानपत्रांचे जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत होता. हात ठीक झालेत का, ते असं रोज तपासतो. मी म्हणालो, “तू जिन्यावरून पडलास ना, त्याबद्दल बोलायचं आहे.”

“छोटीने जास्त गोळी दिली तेव्हा.”

“तिने बरोबर दिली होती. आई तुला अर्धी द्यायची.”

सुई अर्ध्यात थांबली. “कधीपासून?”

“डोस वाढवला तेव्हापासून.”

“म्हणजे मी कामावर ठीक होतो, ते अर्ध्या गोळीवर?”

“हो. पण फीट यायची तीही त्यामुळेच.”

अर्धा राहिलेला टाका त्याने ओढून घेतला. मग म्हणाला, “आणि आई छोटीला...” दोरा दातांनी तोडायला गेला, पुढचे दात नाहीत हे विसरून. मग कात्रीने तोडला आणि खोलीत गेला.

रात्री जेवला नाही. मी गोळी घेऊन गेलो तर दाराआडून म्हणाला, “तुमच्या हातची नको.” मी म्हणालो, चुकवून चालणार नाही. तो म्हणाला, “अर्धी आहे की पूर्ण, मला काय कळतं?” मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. काही वेळाने दार उघडलं. म्हणाला, “पाकीट द्या. आतला कागदही द्या.”

पुढे काय झालं ते पुढच्या पत्रात लिहितो. आता त्याला फिरायला न्यायचं आहे. पण गोळी घेतली. तेवढं लगेच कळवतो, म्हणजे तू काळजी करत बसणार नाहीस.

बाबा


शनिवार, २९ मार्च

छोटी,

आज दादा बांधणीखान्यात गेला. एकटा गेला. मी कोपऱ्यापर्यंत मागे गेलो होतो, पण त्याने वळून बघितलं आणि म्हणाला, “बाबा, दुकानातून काही आणायचं असेल तर आणा, नाहीतर घरी जा.” मी घरी आलो.

त्या रात्रीचं राहिलं होतं. त्याने गोळीच्या पाकिटातला कागद उलगडला. तो केवढा मोठा असतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. भिंग घेऊन पूर्ण वाचला. मोठ्याने वाचत होता, झोप येणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, चिडचिड. मग रात्रीच्या गोळीचा वाचला, तोंडाला कोरड, हात कापणं, वजन वाढणं. म्हणाला, “ह्यात माझंच वर्णन छापलंय की. मला आजवर कोणी वाचायला का नाही दिलं?” मग गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायला. पहिल्यांदा उमळून आलं, गोळी हातावर आली. दुसऱ्यांदा गेली. मी श्वास रोखून बसलो होतो. तो म्हणाला, “अहो, टाळ्या वाजवू नका म्हणजे झालं.”

आता दोन्ही वेळच्या गोळ्या तो स्वतः काढतो आणि तळहातावर ठेवून मला दाखवतो. मी मान हलवली की घेतो. ही नवी पद्धत त्यानेच बसवली आहे. दोघांनी बघायचं, असं म्हणतो.

सगळं छान झालंय असं लिहिणार नाही. गेल्या मंगळवारी फीट आली, स्वयंपाकघरात. आईशिवाय पहिलीच. तू शिकवलं होतंस तसंच केलं. कुशीवर वळवलं, चष्मा काढला, तोंडात काही घातलं नाही, घड्याळ बघत बसलो. लवकर थांबली. डॉक्टरीणबाई म्हणतात, नवा डोस बसायला वेळ लागेल, आणि कदाचित पूर्ण बंद होणारही नाहीत. हात थोडे कापतात, पण दोरा ओवतो. रात्रीची गोळी पुढेमागे कमी करता येईल का, ते दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवणार आहेत. आधी ते एकमेकांशी बोलत नव्हते, हेही आम्हाला आत्ताच कळलं.

आईबद्दल तो अजून बोलत नाही. तिचा फोटो भिंतीवरून काढील अशी मला भीती होती. काढला नाही. एकदा त्याच्यासमोर उभा होता, मी आत गेलो तेव्हा बाजूला झाला.

काल रात्री जेवताना आपणहून म्हणाला, “छोटीला लिहिणार असाल तर माझं एक लिहा.” मी विचारलं, काय? तो म्हणाला, “तिला म्हणावं, त्या आठवड्यात तू जॅम फार घालायचीस. गोळी किती होती ते मला कसं कळणार.” मी म्हणालो, बस एवढंच? तो म्हणाला, “मला अजून लांबच्या गाडीत एकट्याला बसवणार नाहीत. तिलाच यावं लागेल. आली तर एका वेळची गोळी तिला दाखवून घेईन.”

त्याने सांगितलं तसं लिहिलं आहे. मी माझ्या मनाने त्यात काही घातलं नाही. शाळेला सुट्टी कधी असते ते मला माहीत नाही. तुझी खोली कपडे वाळत घालायला वापरत होतो, ती मोकळी केली आहे.

पट्ट्या औषधवाल्याकडे नेऊन दिल्या. तो म्हणाला, जुन्या गोळ्या परत घेऊन नष्ट करतात. पिशवी आणि लोकर आत्याकडे आहे. तिने काहीतरी विणायला घेतलं आहे, काय ते सांगत नाही.

फडताळात जॅमची बरणी राहिली आहे. दादा आता जॅमला हात लावत नाही, तू गोड खात नाहीस. टाकायला मन होत नव्हतं. हे पत्र बंद करतो, चहा ठेवतो आणि ब्रेडच्या दोन कापांना लावून खातो. चमचा तोच आहे, तो धुऊन बाकीच्या चमच्यांत ठेवीन.

बाबा